डीएनए मार्कर पुराव्यासाठी वापरण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच एसटीआर मार्करांचा (डीएनएवरच्या अशा जागा, जिथे एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो हे माणसागणिक बदलते) मल्टिप्लेक्स, म्हणजे एकत्र चालणारा संच, बसवला आहे. ताज्या रक्तावर आलेखातली सगळी शिखरे स्वच्छ येतात. ओळख पटवण्यासाठी तो वापरायचा, तर आणखी काय तपासावे?

उत्तर : ताज्या रक्तावर जवळपास कोणताही संच चालतो. तुमचा संच कुठे चुकू लागतो, हे शोधणे हीच खरी पडताळणी, कारण घटनास्थळावरचे नमुने बरेचदा त्याच सीमेवरचे असतात.

आधी विरलीकरणाची मालिका लावा. पाचही लोकसवर (मार्करांच्या जागांवर) हेटेरोझायगस असलेली, म्हणजे दोन वेगळे अ‍ॅलील (त्या जागेची रूपे) असलेली व्यक्ती निवडा. १ नॅनोग्रॅमपासून निम्मे निम्मे करत ५००, २५०, १२५, ६२ आणि ३१ पिकोग्रॅमपर्यंत उतरा. प्रत्येक पायरी किमान तीनदा चालवा. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे ३१ पिकोग्रॅममध्ये प्रत्येक अ‍ॅलीलच्या जेमतेम चार-पाच प्रती. पिपेटमध्ये एकाच्या सात आणि दुसऱ्याची एकच आली, तर दुसरे शिखर बुडते आणि माणूस होमोझायगस (दोन्ही अ‍ॅलील सारखे असलेला) भासतो. असे घडेल तेव्हा टिकलेल्या शिखराची उंची नोंदवा आणि अशा सर्वांत उंच शिखराच्या वर सीमारेषा ठेवा. तिच्याखालचे एकटे शिखर होमोझायगस म्हणून वाचायचे नाही. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेची) चक्रे २८ वरून ३२ करण्याचा मोह होईल. पण नळीत न आलेली प्रत चक्रे वाढवून येत नाही. उलट स्टटर आणि बाहेरून शिरलेल्या डीएनएची शिखरे मात्र वाढतात.

स्टटर म्हणजे खऱ्या अ‍ॅलीलपेक्षा एका रिपीटने आखूड शिखर. त्याचे मुख्य शिखराशी असलेले प्रमाण प्रत्येक लोकससाठी वेगळे काढून मर्यादा ठरवा : सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने. हे मोजताना एक-दोन रिपीटच्या अंतरावर अ‍ॅलील असलेल्या व्यक्ती वगळा, कारण तिथे स्टटर आणि खरे शिखर एकमेकांत मिसळते. डिटेक्टरची क्षमता ओलांडलेली शिखरेही घेऊ नका. मुख्य शिखराचा माथा कापला जातो, स्टटर कापला जात नाही, आणि प्रमाण खोटे फुगते.

मग अवरोधके, म्हणजे पीसीआर रोखणारे पदार्थ : रक्तातले हिमॅटिन, मातीतले ह्युमिक आम्ल, निळीचा रंग. डीएनए ५०० पिकोग्रॅमवर स्थिर ठेवून यांची मात्रा वाढवत जा आणि कोणते लोकस कोणत्या क्रमाने पडतात ते लिहा. विघटित डीएनएत लांब तुकड्यांचे लोकस आधी जातात, म्हणून मौल्यवान मार्कर शक्यतो २०० बेसजोड्यांच्या आत बसवा.

प्रश्न : एकाच व्यक्तीचा एकाच लोकसवरचा निकाल एका किटवर ११, १४ (रिपीटची संख्या) आणि दुसऱ्यावर फक्त १४. चूक कुणाची?

उत्तर : पुरेशा डीएनएवर, म्हणजे ५०० पिकोग्रॅम ते १ नॅनोग्रॅमवर, पुन्हा करूनही तेच आले तर बहुधा प्रायमर (पीसीआरची सुरुवात करणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसतो त्या जागी बदल आहे, प्रायमरच्या ३ प्राइम टोकाखालचा (जिथून प्रत पुढे वाढते) बदल सर्वांत घातक. जोडणीचे तापमान २-३ अंशांनी उतरवून पाहा. हरवलेला ११ अशक्तपणे परतला, तर संशय पक्का समजा. मग बाहेरच्या प्रायमरांनी तो भाग वाढवून सिक्वेन्स करा. बदललेल्या बेसचा जादा प्रायमर घालता येतो, पण त्यानंतर विरलीकरणाची मालिका पुन्हा लावावीच लागते.

लिंग ओळखण्यासाठीच्या अ‍ॅमेलोजेनिन मार्करचीही हीच गत. वाय गुणसूत्राचा तो तुकडा नसलेले पुरुष असतात. त्यांच्यात फक्त एक्सचे शिखर दिसते. केवळ त्यावरून ‘स्त्री’ लिहू नका, डीवायएस३९१ सारखा वायवरचा मार्कर सोबत ठेवा.

प्रश्न : २० लोकसपैकी एक हार्डी-वाइनबर्गच्या कसोटीत (समाजात अ‍ॅलीलच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का, हे पाहणारी) नापास झाला. काढून टाकावा का?

उत्तर : लगेच नको. ०.०५ च्या पातळीवर २० कसोट्या केल्या, तर सरासरी एक निव्वळ योगायोगाने नापास होते. बॉन्फेरोनी दुरुस्तीने, म्हणजे ०.०५ ला कसोट्यांच्या संख्येने भागून, पातळी ०.००२५ धरा. तरीही नापास, आणि होमोझायगस अपेक्षेपेक्षा जास्त असतील, तर वरच्या उत्तरातला हरवणारा अ‍ॅलील आधी शोधा. त्यानंतर समाजातले उपगट. नमुन्यांत नात्यातली माणसे शिरली नाहीत ना, तेही पाहा. दुर्मीळ अ‍ॅलीलसाठी किमान वारंवारता ५/२एन (एन म्हणजे व्यक्तींची संख्या) घ्या : २०० व्यक्तींवर ती ०.०१२५ येते. व्हीडब्ल्यूए आणि डी१२एस३९१ हे दोन्ही मार्कर वापरत असाल, तर ते बाराव्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. नातेसंबंधाच्या प्रकरणात त्यांचे आकडे स्वतंत्र मानून गुणू नका.