अर्जाच्या एक वर्ष आधी

ठाणे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बी.एस्सी. संपल्यावर हवामान बदलाच्याच क्षेत्रात काम करायचे, हा तुझा निश्चय वाचून मनापासून आनंद झाला. घरच्या मिळकतीवर हे शिक्षण झेपणार नाही आणि सरकारी शिष्यवृत्तीचाच आधार घ्यावा लागेल, हे तुझे म्हणणेही खरे आहे.

मात्र शिष्यवृत्त्यांच्या यादीत ‘हवामान बदल’ हे नाव शोधत बसू नकोस. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले खरे. पण शिष्यवृत्ती अजूनही मुख्यतः विद्यार्थ्याचा प्रवर्ग, कुटुंबाचे उत्पन्न आणि विद्यापीठाचा दर्जा पाहूनच मिळते. तुझ्या प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे आणि पुढे पीएच.डी. करायची झाल्यास महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठीचे दरमहा वेतन) आहे. शिवाय राज्याच्या कांदळवन (म्हणजे तिवरांची जंगले) प्रतिष्ठानामार्फत सागरी विज्ञानासाठी परदेशी शिष्यवृत्ती दिली जाते, तिच्याकडे तू आवर्जून लक्ष द्यावेस असे मला वाटते. परदेशी जायचे नसेल तरी वाट बंद होत नाही: पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासात पीएच.डी. करता येते, आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास महिन्याला ३७,००० रुपये मिळतात.

यांपैकी कोणताही अर्ज भरण्याआधी तुझा स्वतःचा प्रश्न ठरव. ‘मला पृथ्वी वाचवायची आहे’ असे एसओपीत (अर्जासोबतच्या हेतुपत्रात) लिहिणारे शेकडो असतात. तुझे बाबा ठाणे खाडीत जाळे टाकतात आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) कुठे मिळत, आता कुठे मिळत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ आहे. एवढी माहिती किती अर्जदारांच्या घरात असेल? ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या काठावर उभी राहा. तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली दिसतील, आणि तो काळा चिखल जरा उकरलास तर सडक्या अंड्यासारखा वास येईल. त्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून पाने-मुळे लवकर कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन वर्षानुवर्षे तिथेच साठून राहतो. तिवरे तोडून भराव टाकला की हा साठा उघडा पडतो. ही खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. भरतीचे पाणी आता कुठवर येते, गाळ किती साचतो, त्यात कार्बन किती आहे, यांतला एकच प्रश्न धर आणि आतापासून तारीखवार नोंदी ठेव. निवड करणाऱ्यांना अशा नोंदींतून तू खरी दिसशील.

आता कागदपत्रांविषयी, कारण हुशार मुले इथेच अडतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर एका अक्षराचा फरक होता. तिची फाईल दोनदा परत आली, तोवर सत्र सुरू झाले आणि मिळालेला प्रवेश तिला सोडावा लागला. तिचा तो दिवस मी विसरू शकलेले नाही, म्हणूनच इतके सविस्तर लिहिते आहे. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मिळायला महिने लागू शकतात, तेव्हा तो अर्ज सर्वांत आधी दे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून काढून घे. परदेशी शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही.

परदेशी शिष्यवृत्तीला विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र हातात असावे लागते. त्यामुळे विद्यापीठांकडचे अर्ज डिसेंबर-जानेवारीतच गेले पाहिजेत आणि इंग्रजीची परीक्षा त्याच्याही आधी व्हायला हवी. जाहिरात आल्यावर तयारीला लागणाऱ्याचे ते वर्ष बहुधा हातचे जाते. जाहिरात आली की ती मुळातून, शेवटच्या टिपेपर्यंत वाच, कारण अटी वर्षागणिक बदलतात. ऐकीव माहितीवर विसंबू नकोस.

या रविवारी दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला आणि बाबांचे रेशनकार्ड शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि कुठे फरक आढळला तर मला लगेच कळव.

तुझी हितचिंतक