ऐनवेळी काही सुचलंच नाही तर?

"मॅडम, बाकीचे पटापट बोलतात आणि मी ब्लँक होते. फी भरून बसलेय, पण वाटतंय सोडून द्यावा क्लास."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक जण सांगत होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, म्हणून तिने नवशिक्यांच्या ऑनलाइन इम्प्रोव्ह कॉमेडीच्या वर्गात नाव घातलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) इम्प्रोव्हमध्ये संहिता नसते, पाठांतर नसतं. समोरचा जे बोलेल, त्यावरून तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. "मी मुळात विनोदीच नाही" ही धास्ती घेऊन बरेच जण येतात.

पहिल्या तासाला नेमकं काय झालं, ते मी खोदून विचारलं. सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची होती, प्रत्येकाने एकेक शब्द. आपली पाळी येईपर्यंत हिने 'राजवाडा' तयार ठेवला. गोष्ट आली ती अशी: 'एक – म्हातारी – रोज – आपली –'. आता राजवाडा कुठे बसवणार? तिथे छत्री चालली असती, कवळी तर धमाल चालली असती. पण ती ऐकतच नव्हती. मनात राजवाडा घोळत होता आणि नजर होती स्क्रीनवरच्या स्वतःच्या चौकटीवर. चेहरा लाल झालाय का, आवाज कापतोय का.

म्हणजे सुचत नव्हतं असं नाही, लक्षच स्वतःवर खिळलं होतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५मध्ये सामाजिक भीतीबद्दल हेच मांडलं: माणूस स्वतःवर पहारा ठेवतो, आधीच वाक्यं जुळवतो, आणि या बचावामुळेच भीती टिकून राहते. ऑनलाइन वर्गात तर समोर अख्खा वेळ आपलाच चेहरा!

म्हणून आधी तिला तो 'सेल्फ व्ह्यू' बंद करायला सांगितलं. कॅमेरा चालूच ठेवायचा, फक्त आपण आपल्याला दिसायचं नाही. मग सत्रात आम्ही एक सराव केला: माझ्या वाक्यातला शेवटचा शब्द घेऊन तिने पुढचं वाक्य सुरू करायचं. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय हे जमतच नाही, त्यामुळे तयारी आपोआप सुटते. अडखळत का होईना, तिला ते जमू लागलं. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांबरोबर काम करताना घडवलेल्या नाट्यखेळांतही हेच आहे. मन खेळात गुंतलं की संकोचाला जागा उरत नाही. इम्प्रोव्ह शिकवणारे कीथ जॉन्स्टन तर विद्यार्थ्यांना हुशारी दाखवू नका, जे सहज सुचेल तेच बोला, असं सांगत.

आणखी एक. इंटरनेटवर आवाज थोडा उशिरा पोचतो. ती क्षणभराची शांतता तिला स्वतःचं अपयश वाटायची. शिक्षकांना विचारल्यावर कळलं, सगळ्यांचंच तसं होतं. बोलून झालं की हात दाखवायचा, असं मग वर्गात ठरलं.

काही आठवड्यांनी ती म्हणाली, "काल माझ्या वाक्यावर हसले सगळे. मी विनोद केलाच नव्हता, नुसतं उत्तर दिलं होतं." मला फार बरं वाटलं.

वर्ग निवडताना रेकॉर्डिंग होतं का, आणि पाळी सोडायची मुभा आहे का, हे आधी विचारा. मात्र भीतीने छाती धडधडून झोप उडत असेल, नोकरी किंवा नाती सुटत असतील, तर नुसत्या वर्गावर विसंबू नका. आधी समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.