लिफ्ट गरम झाल्यावर दगा देते

प्रश्न : आमच्या जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी नांगर झटकन उचलते, तासाभरानं जागची हलत नाही. मेकॅनिक पंप बदला म्हणतो. – एक शेतकरी, पेडणे

उत्तर : भाऊ, पंप राहू दे, आधी तेल बघा. या ट्रॅक्टरात गिअरचं आणि हायड्रॉलिकचं, म्हणजे दाबानं लिफ्ट उचलणारं, तेल एकच. आपल्याकडच्या पावसात गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी आत जातं, तेल दुधाळ होतं. तसं दिसलं तर सगळं काढा, तेल गाळणारी जाळी धुवा, नवं भरा.

तेल स्वच्छ आहे? मग सकाळी नांगर वर उचलून इंजिन बंद करा. लगेच खाली आला तर सिलिंडरच्या पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. गरम तेल पातळ होऊन तिथूनच निसटतं. नांगर तसाच टिकला, तरच पंप खोला. आणि नांगर जमिनीवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका, कळकळीनं सांगतो.