आधी धाकट्याची नोंदणी, मग थोरल्याचा अर्ज

ताई,

तुमचं पत्र थोरल्या मुलाविषयी आहे, पण मी धाकट्यापासून सुरुवात करते. अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "धाकट्याचंही राहिलंय, तो पुढच्या महिन्यात सव्वीसचा होईल." सगळ्या पत्रात तातडीचं एवढंच आहे. सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सैन्यभरतीसाठी तरुणांची यादी ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याकडची, नोंदणी उशिरा केली तरी चालते, पण सव्विसाव्या वाढदिवसाच्या आधी. तो दिवस उजाडला की दार बंद, मग कितीही विनवण्या करा. आज रात्रीच त्याला कॉम्प्युटरसमोर बसवा. सोशल सिक्युरिटी नंबर हाताशी असला की काही मिनिटांचं काम आहे. आणि यामुळे त्याला कुणी सैन्यात नेणार नाही. सक्तीची भरती 1973 पासून बंद आहे. ती पुन्हा सुरू करायची तर अमेरिकी संसदेला वेगळा कायदा करावा लागेल.

आता थोरला. 2015 मध्ये, सोळाव्या वर्षी, तुमच्याबरोबर त्याला ग्रीन कार्ड मिळालं. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे, नागरिकत्वाचा अर्ज भरताना नोंदणीच्या प्रश्नावर अडला आहे, आणि त्याचे बाबा म्हणतात की हा कायदाच रद्द होणार आहे, थोडं थांबू. अशी घरं मी खूप पाहिली आहेत. ग्रीन कार्डाचा अर्ज अठरा वर्षांनंतर भरला असता, तर त्याच अर्जावरून माहिती परस्पर पुढे जाऊ शकली असती. लहानपणी कार्ड मिळालेली मुलं नेमकी इथे निसटतात. एच-4 वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असताना नोंदणी लागत नाही, हे ऐकलेलं डोक्यात बसतं आणि कार्ड आल्यावर नियम बदलला हे कुणी सांगत नाही.

कायदा रद्द होण्याची वाट पाहू नका. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यावर 1980 मध्ये कार्टर यांनी ही नोंदणी पुन्हा सुरू केली. ती रद्द करण्याची विधेयकं दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून आणली आणि ती तशीच बारगळली. ती रद्द व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. नोंदणी न केल्याची शिक्षा कागदावर 5 वर्षं तुरुंग आणि 2,50,000 डॉलर दंड, पण 1986 नंतर कुणावर खटला भरलेला नाही. चटका बसतो तो तुमच्या मुलासारख्यांना, नागरिकत्वाच्या मुलाखतीत. डिसेंबर 2025 च्या संरक्षणविषयक कायद्याने उलट आपोआप नोंदणीची तरतूद केली. आता अठरा पूर्ण करणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. सव्विशी ओलांडलेल्याला काही नाही.

तुमच्या मुलाचं सगळं एका वाक्यावर अवलंबून आहे. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या मूळ कायद्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे, की नोंदणीचं वय उलटून गेलेल्या माणसाने आपण जाणूनबुजून, हेतुपुरस्सर टाळाटाळ केली नाही हे दाखवलं, तर त्याला सरकारी लाभ नाकारता येत नाही. शंकेला जागाच उरू नये इतका पुरावा लागत नाही. त्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पटलं पाहिजे. पण दाखवायचं त्याने आहे.

म्हणून मला एकच गोष्ट हवी. 2017 मध्ये कॉलेजला जाताना त्याने सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, फाफ्सा, भरला होता का? तेव्हा त्या अर्जातच नोंदणीचा प्रश्न असे आणि 'माझी नोंदणी करा' असा पर्यायही असे. त्याने तो निवडला असेल, तर तो कदाचित आधीच नोंदलेला असेल आणि तुम्ही विनाकारण झुरताय. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख घालून आधी तपासा. मात्र प्रश्न वाचून त्याने नकार दिला असेल, तर 'माहीत नव्हतं' हे वाक्य अर्जात लिहू नका. खोटं लिहिणं हे नोंदणी न करण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

तुम्ही लिहिलंय की तो अठराचा झाल्यावर एक सरकारी पाकीट आलं होतं, ते तुम्ही सैन्यभरतीची जाहिरात समजून न उघडता स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, कूपनांच्या गठ्ठ्याखाली. ताई, मुलाच्या नावचं सरकारी पत्र न उघडता ठेवू नये, हे मी तुम्हाला रागावूनच सांगतेय. पण आता ते फाडू नका, उघडूही नका. ते मुलाच्या हाती पडलंच नाही, याचा तो बंद लिफाफाच पुरावा आहे. त्यावरचा टपालाचा शिक्का वाचता येतोय ना, पाहा.

सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून मुलाच्या नावाने, त्याच्या नोंदणीची स्थिती सांगणारं पत्र मागवा. त्यात त्यांनी कधी पत्रं पाठवली याची नोंद असू शकते, म्हणून ते हाती आल्याशिवाय प्रतिज्ञापत्र लिहायला घेऊ नका. त्यानंतर त्याचं एक आणि तुमचं एक, अशी दोन प्रतिज्ञापत्रं करू. तुमच्यात लिफाफ्याची गोष्ट जशी घडली तशी असेल. अधिकारी ती किती मानेल याची हमी मी देत नाही. मुलगा इथल्याच हायस्कुलात शिकला, मग त्याला कळलं कसं नाही, हे तो नक्की विचारेल.

पुरावा लंगडा निघाला तर एकतीस वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायचा मार्ग आहे. तोवर मागची पाच वर्षं, जी अर्जात तपासली जातात, या चुकीच्या बाहेर पडतात. मधल्या काळात ग्रीन कार्डाला सहसा धक्का लागत नाही. पण हे आपण फाफ्साचं उत्तर आल्यावर ठरवू. ते उत्तर आणि धाकट्याची नोंदणी झाल्याचा पुरावा, दोन्ही मला याच आठवड्यात पाठवा.