बेळगाव परिसरात दारू सोडण्यासाठीच्या मीटिंग कशा शोधाव्यात, आणि तिथे कोणी ओळखले तर?

खानापूर तालुक्यातील गावात राहून दारू सोडू पाहणाऱ्याने अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंग कुठे शोधाव्यात, त्या मराठीत चालतात का, आणि तिथे ओळखीचा माणूस भेटला तर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः मद्यपी आहे, त्याच तालुक्यातला आहे आणि गेली नऊ वर्षे प्यायलेलो नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने माझी दोन वर्षे खाल्ली, त्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नसतील, तर मीटिंगच्या भरवशावर दारू एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणे, भान हरपणे असे प्रकार होऊ शकतात. यात जीवही जातो. ते दिवस मानसोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन काढावेत. एए हे रुग्णालय नाही आणि तसा त्याचा दावाही नाही.

शोधण्याचे काम मात्र सोपे आहे. एएच्या भारतातील संकेतस्थळावर मदतीसाठीचे दूरध्वनी क्रमांक मिळतात. तिथे फोन करून बेळगाव, निपाणी किंवा तुम्हाला सोयीच्या गावची मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता आहे ते विचारून घ्या, कारण जागा आणि वेळा बदलत असतात आणि कुठेतरी छापलेल्या जुन्या यादीवर विसंबून मी एकदा बंद दाराशी तासभर उभा राहिलो आहे. सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची निःशुल्क मदतवाहिनीही आहे. मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारले तरी बहुधा माहिती मिळते. कन्नड चांगले येत असेल, तर धर्मस्थळच्या जनजागृती वेदिकेतर्फे गावोगाव भरणारी मद्यवर्जन शिबिरेही विचारात घेण्यासारखी आहेत.

मीटिंगला फी नसते, नावनोंदणी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते, तीत काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही. नातेवाइकांना किंवा केवळ माहिती हवी असणाऱ्यांना ओपन मीटिंगला बसता येते. क्लोज्ड मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते. तिथे कोणी उपदेश करत नाही, प्रत्येक जण आपलेच सांगतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात एक शेअर व्यवसायातला माणूस आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलू लागले, त्यातून हे सुरू झाले. दुसऱ्या मद्यपीशी बोलल्याने आपली स्वतःची दारू लांब राहते, हा त्यांचा अनुभव अजूनही या मीटिंगचा कणा आहे. पहिल्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत तरी चालते.

आता ओळखीचे. गावात कळू नये म्हणून मी बेळगावची मीटिंग टाळून कोल्हापूरला जायचे ठरवले. बेळगावपासून कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. दोन वर्षांत मी तिथे चार वेळा पोहोचलो, उरलेल्या आठवड्यांत प्यायलो. शेवटी बेळगावच्या खोलीत पाऊल टाकले, तर समोर आमच्याच गल्लीतले एक काका बसलेले. मला घाम फुटला. नंतर लक्षात आले, की लक्ष्मी यात्रेत मला गटारीतून उचलून घरी आणणाऱ्यांत हेच काका होते. पिताना मी कधीच लपलो नव्हतो. सगळ्या गावाला माहीत होते, आणि मी लपवू पाहत होतो ते फक्त सोडणे. खोलीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा तिथला नियम आहे, आणि काकांनी आजवर माझ्या घरातही त्याचा उल्लेख केलेला नाही. म्हणून माझे मत विचाराल, तर सर्वांत जवळची मीटिंग धरा, जिथे पावसाळ्यातही जाता येईल.

भाषेचे म्हणाल, तर आपल्या भागात एकाच खोलीत मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी सगळे ऐकू येते. मला कन्नड मोडकेतोडकेच येते, पण पगार झाल्यावर घराकडे न जाता दुकानाकडे वळलेल्या माणसाचे बोलणे समजायला मला व्याकरण लागले नाही.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा समूह आहे, पत्नीला तो जरूर सुचवा. मात्र चहात किंवा आमटीत गुपचूप औषध घालून दारू सोडवण्याचा सल्ला तिला कोणी दिला, तर तिने तो मानू नये. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जाऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

आणि संध्याकाळची मीटिंग असेल तर परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवा. तिसऱ्या मीटिंगनंतर माझी बस चुकली आणि बसस्थानकाबाहेर पाऊण तासात मी प्यायलो. पुढच्या आठवड्यात खोलीत ते सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. फक्त मीटिंग संपल्यावर एकाने मोटारसायकलवरून मला बसस्थानकावर सोडले आणि बस सुटेपर्यंत तो तिथेच थांबला.