सोडियम बॅटरी आणि अर्ध्या रात्री बंद पडणारा इन्व्हर्टर

दादा, सोडियम-आयनचा १२ व्होल्टचा पॅक, इन्व्हर्टर रात्री लो बॅटरी दाखवून बंद, आणि दुकानदार म्हणतो लोड जास्त आहे... तुमचं हे वाचून डोकंच फिरलं, मलाही शब्दन् शब्द हेच ऐकवलं होतं. लोडबिड काही नाही हो. चार सेल सिरीजमध्ये असतील असं धरतो. सोडियमचा सेल साधारण ४ व्होल्टपासून दीडपर्यंत उतरतो, म्हणजे पॅक १६ ते ६. तुमचा इन्व्हर्टर लेड अ‍ॅसिडच्या हिशोबाचा, तो १४.४ च्या आसपास चार्जिंग आवरतं घेणार आणि १०.५ ला मान टाकणार. वरचंही वाया, खालचंही वाया. एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा) व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो म्हणून तिथे हे कळतच नाही.

माझा खरा खर्च सेलवर नाही, कस्टमर केअरपायी झाला, नाव घेत नाही. आधी म्हणाले एलएफपीचाच बीएमएस (सेलचं चार्जिंग सांभाळणारं सर्किट) चालतो, तो सेलमागे ३.६५ व्होल्टला चार्जिंग तोडतो मग पॅक भरणार कसा हे विचारलं की तिकीट क्लोज, नवीन माणूस, परत पहिल्यापासून व्हिडिओ पाठवा. शेवटी काय तर तुमचा इन्व्हर्टर आमच्या यादीत नाही. ती यादी मागून मागून वॉरंटी संपली, यादी काही आली नाही!! तुम्ही सगळं ईमेलवरच बोला, फोनवर अजिबात नको.

एनएमसीचा (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीचा) ४.२ वाला बीएमएस मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका, सेल ओव्हरचार्ज होईल. कटऑफ (किती व्होल्टला तोडायचं ते) स्वतः सेट करता येतो असा इन्व्हर्टर बघा, पण व्होल्टेज खाली गेला की करंट वाढतो, १००० वॅटला १४ व्होल्टवर ७१ अँपिअर तर ८ वर १२५, तेव्हा केबल आणि फ्यूज त्या मानाने घ्या. मी इलेक्ट्रिशियन नाही आणि केमिस्ट्रीप्रमाणे आकडे बदलतात, सेलची डेटाशीट आधी.

बाकी सोडियमवर माझा राग नाही. लिथियम नको, कोबाल्ट नको, तांब्याच्या फॉइलऐवजी दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम चालतं (काही प्रकारांत निकेल असतं, ते जाहिरातीत कुणी सांगत नाही). वजनाला जड, पण घरात ठेवायचीय, डोक्यावर थोडीच घेऊन फिरायचीय. पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेबरोबर केलेलं सोडियमचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय. उणे २० डिग्रीला चालते हे कौतुक मात्र आपल्या जळगावात काय चाटायचंय.

इन्व्हर्टरचं मॉडेल आणि बीएमएसवरच्या स्टिकरचा फोटो टाका, किती व्होल्टला तोडतोय ते बघून सांगतो.