बसबारवर कथलाचा मुलामा किती मायक्रॉनचा असावा?

प्रश्न : मालवणात किनाऱ्यालगत आमचा बर्फाचा कारखाना आहे. अमोनिया कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून असलेल्या विजेच्या पॅनेलमधील ५० × १० मिलिमीटरच्या उघड्या तांब्याच्या पट्ट्या (बसबार) हिरवट-काळ्या पडल्या असून जोडांवर तापतात. नव्या पट्ट्यांना कथलाचा मुलामा द्यायचे ठरवले आहे. तीन प्लेटिंगवाल्यांनी अनुक्रमे ५, १० आणि २५ मायक्रॉनचे दर दिले आहेत. चौथा म्हणतो, चांदीच द्या, ती वीज अधिक चांगली वाहते. जाडी कोणत्या आधारावर ठरवावी?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मुलामा वीज वाहण्यासाठी असतो, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी. आपल्या पट्टीचा छेद ५०० चौरस मिलिमीटरचा आहे. त्याभोवती १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, कथील चढवले तर भर पडते ती जेमतेम १.२ चौरस मिलिमीटरची, आणि कथलाचा रोध तांब्याच्या सहा-सात पट. म्हणजे पट्टीची वाहकता वाढतही नाही आणि घटतही नाही. जोडात दोन्ही बाजूंचे मिळून २० मायक्रॉन कथील आडवे येते खरे, पण ५० × ५० मिलिमीटरच्या जोडावर त्याचा रोध त्याच पट्टीच्या सुमारे ०.०३ मिलिमीटर लांबीइतकाच भरतो. चांदी अधिक वाहक आहे हा मुद्दा त्यामुळे इथे गैरलागू ठरतो.

जोड तापतो तो तांब्यावर चढलेल्या गंजामुळे. दोन पट्ट्या डोळ्यांना सपाट दिसल्या तरी प्रत्यक्षात त्या काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात, आणि त्या ठिकाणी खारी ओल शिरली की स्पर्श कमी होत जातो. आपल्याकडे त्यात अमोनियाची भर आहे. ओलसर हवेतला थोडासा अमोनियाही तांबे आणि पितळ खातो. कथील मऊ असल्यामुळे बोल्टच्या दाबाखाली पसरते, त्याच्यावरचा पातळ, ठिसूळ ऑक्साइड तडकतो, आणि धातूला धातू भिडून हवेला वाट उरत नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई करण्यामागेही अन्न आणि पितळ यांच्यात कथलाचा आडपडदा ठेवण्याचाच हेतू असतो.

तेव्हा जाडी ठरते ती हवेवरून. पातळ मुलाम्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि जाडी वाढते तशी ती बुजत जातात. शिवाय तांबे व कथील एकमेकांत हळूहळू मुरून त्यांच्या सीमेवर कठीण संयुगांचा थर तयार होतो. जोड जितका गरम, तितका हा थर लवकर वाढतो आणि वरचे मऊ कथील तितके घटते. बंद, कोरड्या, वातानुकूलित खोलीत ५ मायक्रॉन पुरतात. आपल्या खोलीत मी ते घेणार नाही. किमान १२, शक्यतो १५ मायक्रॉन मागावेत. २५ मायक्रॉनचा खर्च मात्र मला अनाठायी वाटतो, कारण जाड मऊ थर बोल्टखाली सावकाश सरकतो आणि जोड सैल पडू शकतो.

चांदीबाबत आणखी एक अडचण आहे. ओहोटीला खाजणातल्या चिखलाचा जो वास येतो, तो बहुतांशी हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याने चांदी काळवंडते. चांदीच्या थराला छिद्र असेल तर खाऱ्या ओलीत खालचे तांबे अधिक वेगाने झिजते. कथलाच्या बाबतीत उलट घडते, आधी कथील झिजते. चांदी असावी ती ब्रेकर किंवा आयसोलेटर या वीज तोडणाऱ्या उपकरणांच्या सरकत्या संपर्कांवर. तिथे सततच्या घासण्याने कथील टिकत नाही.

आता ऑर्डरच्या शब्दांविषयी, कारण फसगत तिथेच होते. नुसते ‘१५ मायक्रॉन’ लिहिल्यास प्लेटिंगवाला सरासरी धरतो. विजेने मुलामा चढवण्याच्या टाकीत कडांवर थर जाड बसतो आणि पट्टीच्या मध्यावर, म्हणजे नेमका जिथे जोड येतो तिथे, पातळ. म्हणून ‘जोडाच्या जागी, कडांपासून दूर मोजलेली किमान जाडी’ असे लिहून घ्यावे. भोके पाडणे आणि पट्टी वाकवणे मुलाम्यापूर्वीच उरकावे. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडे तांबेच राहते.

क्ष-किरण जाडीमापक जवळपास मिळाला नाही तर सोनाराचा काटा कामास येतो. त्याच पट्टीचा १०० मिलिमीटरचा तुकडा आम्लात धुऊन वाळवल्यावर आणि पुन्हा मुलाम्यानंतर तोलावा. १५ मायक्रॉनला वजन सुमारे १.४ ग्रॅमने वाढले पाहिजे, ५ मायक्रॉनला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी वाढेल. हे माप सरासरीचेच असल्याने १.४ ग्रॅम भरले म्हणजे मध्यावरही १५ मायक्रॉन आहेत असे नव्हे. पण वाढ ग्रॅमभरही नसेल तर माल परत पाठवायला तेवढे कारण पुरेसे आहे.